हरण्याची सवय मोडणारा माणूस

ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलाला दोन गोष्टी लवकर उमगतात. वीज इथे तयार होते नि दिवे दूरच्या शहरांत लखलखतात, ही पहिली. नाव काढायचे तर मुंबई-पुण्याची गाडी पकडावी लागते, ही दुसरी. विदर्भाच्या क्रिकेटचेही असेच होऊन बसले होते. १९५७-५८ पासून आपला संघ रणजी करंडकात खेळत होता. पण साठ वर्षांत अंतिम सामना एकदाही त्याच्या वाट्याला आला नव्हता.

अशा संघाकडे २०१७ मध्ये एक कडक मुंबईकर प्रशिक्षक आला. चंद्रकांत पंडित त्याचे नाव. ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले हे यष्टिरक्षक-फलंदाज शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली घडले. आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरीला होते, याचे आम्हा बँकवाल्यांना भारी कौतुक! सचिनच्या यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवणारे सर शाबासकीच्या बाबतीत मात्र चिक्कूच होते. त्यांची ती शिस्त पंडितांनी पुढे चालवली.

पंडितांच्या मनात एक जुनी सलही होती. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावाची आघाडी हाती होती, सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक मिळाला असता. पण शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि कर्नाटक जिंकले.

बँकेच्या नोकरीत मी तोट्यातल्या शाखा पाहिल्या आहेत. तिथली माणसे कामात कमी नसतात; तोटा व्हायचाच, हे त्यांनी मनाशी धरलेले असते. नवा मॅनेजर येतो, दार वेळेवर उघडायला लावतो, रोजचा हिशेब रोज जुळवायला लावतो. माणसे कुरकुरतात. वर्षभरात तीच माणसे मान वर करून बोलू लागतात. विदर्भाच्या संघाचे काहीसे असेच झाले असावे.

त्या मोसमात कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटकला १९८ धावा हव्या होत्या. विदर्भाने तो सामना अवघ्या ५ धावांनी जिंकला! रजनीश गुरबानी या सिव्हिल इंजिनिअर झालेल्या पोराने दुसऱ्या डावात ७ बळी टिपले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्यानेच दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली, तिघांचेही त्रिफळे उडवून. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने करंडक उचलला. लोक म्हणाले, नशीब! पुढच्याच वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून विदर्भाने त्यांना उत्तर दिले.

आता प्रश्न आई-बापांचा. इतका कडकपणा बरा का? कोलकाता नाइट रायडर्सकडे गेल्यावर पंडितांच्या लष्करी खाक्याबद्दल एका परदेशी खेळाडूने जाहीर नाराजी बोलून दाखवली. २०२४ मध्ये त्या संघाने आयपीएल जिंकली. पुढच्या वर्षी तो आठवा आला आणि पंडित बाजूला झाले. म्हणजे नुसता धाक म्हणजे यशाची हमी नव्हे. शिस्तीमागे आपले भले आहे, हे पोराला पटले तरच तो ती सोसतो.

हे मध्य प्रदेशच्या मुलांना पटले होते. जून २०२२ मध्ये, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, पंडितांच्या संघाने ४१ वेळा विजेत्या मुंबईला हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. तेवीस वर्षांची सल निघाली. समोर मुंबईचा प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार, आचरेकर सरांचाच शिष्य! १९८८ साली सचिन-कांबळींची ६६४ धावांची भागी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला हाच तो मुलगा. त्याच्याच मार्गदर्शनाखाली २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सर २०१९ च्या जानेवारीत गेले. त्यांनी वाटलेले मात्र अजून फिरते आहे.

मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. तेव्हा पंडित इथे नव्हते. प्रशिक्षक उस्मान गनी होते. कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात आपले पहिले प्रथम श्रेणी शतक झळकावणारा. मास्तर बदली होऊन गेले तरी वर्ग चालू राहिला, यापरते मास्तरांचे दुसरे प्रगतिपुस्तक कोणते?

उमेश यादव हा विदर्भाचा पहिला कसोटीपटू खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. खापरखेडाही आपल्यासारखेच, औष्णिक वीज केंद्राचे गाव. तेव्हा ऊर्जानगरच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू टाकणाऱ्या पोराला, बिबट्याच्या भीतीने अंधाराआधी घरी जरूर बोलवा. पण ‘आपल्याकडचे कुठे पुढे जातात!’ हे वाक्य त्याच्या कानावर घालू नका. ते आता खरे राहिलेले नाही.