एपॉक्सीच्या खाली काळी माती

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात माझ्या मामांचं घर आहे. फाटकापासून पोर्चपर्यंत जेमतेम एक मोटार मावेल एवढा काँक्रीटचा पट्टा, कडेला स्कूटर, बागेच्या नळाखाली दोन कुंड्या. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मामांनी त्या पट्ट्यावर करड्या रंगाचं एपॉक्सी मारून घेतलं. आठ दिवस कुणाला चपलेसकट आत येऊ दिलं नाही. दिवाळीला आम्ही गेलो, तेव्हा मोटारीची चाकं उभी राहतात तिथला कोट निघून आला होता, नळापाशी नाण्याएवढे फोड होते, कडेचे पापुद्रे नखानं सुटत होते, आणि फाटकापासून मधोमध एक तिरपी भेग गेली होती.

"माल नकली निघाला," मामांनी निकाल दिला.

रिकामे डबे त्यांनी पाणी भरायला ठेवले होते. मी उलटेपालटे करून पाहिले. माल अस्सल होता. पण मामांच्या, रंगाऱ्याच्या आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात एपॉक्सीबद्दल ज्या समजुती होत्या, त्यांतली जवळजवळ एकही धड नव्हती.

पहिली समजूत म्हणजे एपॉक्सी हा ऑइलपेंटचा थोरला भाऊ. ऑइलपेंटातलं पातळ द्रव्य उडून जातं आणि रंग मागे राहून घट्ट होतो. एपॉक्सीत राळ आणि हार्डनर यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होऊन तिसराच पदार्थ तयार होतो. गळक्या पाइपावर एम-सीलच्या दोन वड्या मळून लावणाऱ्या प्रत्येकानं ही क्रिया स्वतःच्या बोटांनी केलेली आहे. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं १९४६ मध्ये बाजारात आणलेलं अराल्डाइट, दोन नळ्यांचं, तेही हेच. म्हणून डब्यावर लिहिलेलं प्रमाण इथे औषधाच्या मात्रेसारखं पाळावं लागतं. "हार्डनर जरा जास्त टाक, लवकर सुकेल" हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडीदार राळ मिळत नाही, तो तसाच कोटात उरतो आणि कोट चिकट, कच्चा राहतो.

दुसरी समजूत उन्हाची. पापड, कुरडया, गहू, सगळं आपण उन्हात वाळवतो, मग एपॉक्सी का नाही? मामांच्या रंगाऱ्यानं सकाळी दहाला सुरुवात केली होती, ऊन चढत असताना. काँक्रीट दिसायला घट्ट असलं तरी त्यात बारीक छिद्रं असतात आणि त्यांत हवा असते. लादी तापू लागली की ती हवा फुगून वर येते आणि ओल्या कोटातून बुडबुडे काढते. बुडबुडा फुटला की टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं, आणि पावसाचं पाणी शिरायला तेवढं पुरतं. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढलं की कालवलेला माल साधारण निम्म्या वेळात आवळतो. मोठ्या बादलीत तो तसाच ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेनं तापून धूर सोडतो. जाणकार म्हणूनच दुपार उतरल्यावर, लादी थंड होत असताना काम सुरू करतात आणि लागेल तेवढाच माल कालवतात.

फार उशीर करूनही चालत नाही. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या गार रात्रींचं, कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, दिवस कितीही तापला तरी रात्र निवते. माणसाला सुखाची असलेली ही गोष्ट ओल्या एपॉक्सीला मात्र सोसत नाही. लादीचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर असायला हवं, असा या धंद्यातला नियम आहे. त्याखाली गेलं की डोळ्यांना न दिसणारं दव कोटाखाली किंवा कोटावर बसतं. दमट, गार हवेत कच्च्या एपॉक्सीवर तेलकट साय येते. ती न धुता दुसरा कोट मारला तर तो कोट सायीवर बसतो, खालच्या एपॉक्सीला धरतच नाही.

"पण एकदा बसलं की ऊन-पाऊस सगळं सोसतं." ही तिसरी. पाऊस एक वेळ सोसेल, ऊन नाही. नेहमीच्या एपॉक्सीच्या रेणूंमध्ये अशी वलयं असतात जी सूर्याचे अतिनील किरण शोषतात आणि त्यांनीच तुटत जातात. उघड्यावरचं एपॉक्सी आधी पिवळं पडतं, मग त्यावर खडूसारखी भुकटी येते. वरून अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा कोट दिला तर हा क्षय बराच थोपतो. मामांच्या रंगाऱ्यानं तो दिला नव्हता, आणि मामांना तो मागायचा असतो हे ठाऊक नव्हतं.

चाकांखालच्या चट्ट्यांचं कारणही उष्णतेतच सापडतं. घरगुती कामात वापरलं जाणारं, साध्या हवेत घट्ट होणारं एपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. मे महिन्यात इंदूरची हवा चाळिसाच्या वर जाते आणि उघड्यावरची काँक्रीटची लादी साठीला टेकू शकते. त्यात देवासहून तासभर चालून आलेले तापलेले टायर. थंड होताना टायरचं रबर आक्रसतं आणि मऊ झालेल्या कोटाला धरून ओढतं. कोट खाली नीट चिकटलेला नसेल तर गाडी काढताना टायरबरोबर निघून येतो. मामांचं म्हणणं, गाडी जड आहे. सायकल उभी केली असती तर वाचलं असतं हे खरंच, पण दोष वजनाचा नव्हता.

आता चिकटणं. इंदूरकरांना स्वच्छतेचा भारी अभिमान, आणि तो रास्तच आहे. पण एपॉक्सीला हवी असलेली स्वच्छता वेगळी असते. मामांकडे लादीवर अ‍ॅसिड ओतून खराट्यानं घासलं होतं. अ‍ॅसिड सिमेंटचा वरचा थर खरवडतं, पण तेलाचा डाग त्याला जुमानत नाही. शिवाय ते नीट धुतलं गेलं नाही तर त्याचे क्षार मागे राहतात, आणि तेच पुढे पाणी ओढून कोटाखाली फोड आणतात. कोटा-मोझेक घासायचं पॉलिश मशीन फिरवलं तर उलटंच होतं, लादी आणखी गुळगुळीत होते. हिऱ्याच्या चकतीचं ग्राइंडर फिरवून, धूळ यंत्रानं ओढून, हाताला सॅंडपेपरसारखी खरखर लागली पाहिजे. मग वर पाण्याचे चार थेंब टाकायचे. ते जिरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर खाली तेल किंवा जुना कोट आहे, पुन्हा घासा. मजुरीच्या पावतीत हे काम बहुधा नसतं, कारण काम झाल्यावर ते कुणाला दिसत नाही.

आणि इथून खरी अडचण सुरू होते. ती काँक्रीटच्याही खाली आहे.

माळवा म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचं पठार, आणि त्या बेसाल्टची झीज होऊन झालेली काळी माती. कापसाला ती मानवते, आणि इंदूरला कापडगिरण्या उभ्या राहिल्या त्यामागे या मातीतला कापूस होता. पण तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात उघड्या शेताला मूठ जाईल अशा भेगा पडतात, तो हाच खेळ. इंदूरचा वर्षभराचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे दरवर्षी एकदा माती फुगणार आणि एकदा बसणार. तिच्यावर चार इंचांची लादी टाकून वर मोटार उभी केली की लादीला वर-खाली होणं भाग आहे. पावसाचं पाणी आधी कडांशी मुरतं, म्हणून कडा आधी उचलल्या जातात. नळ गळत असेल तर तेवढाच कोपरा. घराच्या भिंतीचा पाया खोल असतो, तो हलत नाही. लादी भिंतीला घट्ट जोडलेली असेल तर एक टोक अडकलेलं आणि दुसरं हलतं, मग भेग कुठून तरी जाणारच.

"भेग भरून वर एपॉक्सी मारलं की जोड पक्का" ही समजूत याच जागी मोडते. स्थिर भेग एपॉक्सीनं उत्तम भरते. पुलांच्या आणि इमारतींच्या दुरुस्तीत ते रीतसर वापरतात. पण दर पावसाळ्यात हलणाऱ्या भेगेवर दोन कोटांचं एपॉक्सी म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीचा ताठ पापुद्रा. लादी हलली की तो त्याच रेषेत फाटतो.

काळ्या मातीशी आपल्याकडच्या अभियंत्यांनी बरीच झुंज दिली आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं तळाशी फुगवटा असलेले खांब काढले, ते हलत्या थराच्या खाली जाऊन पाय रोवतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. पोर्चला खांब कुणी घालणार नाही. पण काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम थराथरानं कुटून भरणं, फाटकाकडे उतार देणं, गळका नळ दुरुस्त करणं आणि भिंत व लादी यांच्यात फट सोडून ती लवचीक मसाल्यानं भरणं, एवढं कुठलाही चांगला मिस्त्री करू शकतो. भेग पडणारच असेल तर ती आपण ठरवू तिथे पडावी म्हणून चार इंचांच्या लादीत अडीच ते तीन मीटरवर सांधे कापतात, जाडीच्या चौथ्या भागाएवढे खोल.

ओल ही याच कहाणीची दुसरी बाजू. लोकांना वाटतं, पाणी वरून येतं, म्हणून वरून झाकलं की झालं. काळी माती पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि लादीखालून ते वाफेच्या रूपानं वर चढत राहतं. उघडी लादी ते हवेत सोडून देते. वर एपॉक्सीचं झाकण घातलं की पाणी तिथे अडतं, दाब वाढतो आणि कोट फोडासारखा उचलला जातो. मामांच्या नळापाशी झालं ते हेच. परीक्षा फुकटात होते: दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक लादीवर ठेवून चारही कडा टेपनं बंद करायच्या, किमान सोळा तास थांबायचं. खाली थेंब धरले किंवा काँक्रीट काळसर झालं तर एपॉक्सी विसरा. नवी लादी असेल तर आधी महिनाभर थांबायचंच. आणि लादी नव्यानं घालणार असाल तर खाली हजार गेजचं प्लॅस्टिक अंथरायला एवढासा खर्च येतो, पण बहुतेक जण तो वाचवतात.

हे इतकं घोळ घालणारं साहित्य मग पोर्चवर आलं कसं? मामांनी मला फोनवर एक फोटो दाखवला होता, शिकागोजवळ राहणाऱ्या आमच्या मावसभावाच्या घरचा. आरशासारखी करडी फरशी, वर मोटार. "बघ, तिकडे बर्फ पडतो तरी टिकतं." मी मावसभावाला विचारलं. तो हसला. ती फरशी गॅरेजच्या आतली होती. दाराबाहेरच्या काँक्रीटवर त्यानं एपॉक्सी मारलेलंच नाही. तिकडे बाहेर छळणारी गोष्ट म्हणजे गोठणं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाची भर. तिथेही उघड्या लादीवर सिलेन-सिलोक्सेनचं पातळ द्रव्य जिरवतात. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतं, पण वाफेला वाट मोकळी ठेवतं. चकाकी काहीच येत नाही, लादी होती तशीच दिसते, आणि काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. आपल्याकडे बर्फ नाही, मीठ नाही, तरी उघड्या पोर्चला तेच बरं. फार तर टायर आणि तेलाची काळजी असेल तिथे पार्किंग टाइल्स. चकचकीतपणाचा आग्रहच असेल तर ओल्या कोटावर क्वार्ट्झची वाळू पेरून घ्या, नाहीतर आषाढातल्या पहिल्या सरीत आजीच आपटायची.

काँक्रीटच्या मजबुतीबद्दल एक गोष्ट मात्र एपॉक्सीवाले सांगत नाहीत, कारण ती विकता येत नाही. तराई. म्हणजे लादी घातल्यावर पाणी मारणं. मिश्रित सिमेंटला, आणि हल्ली दुकानात मिळणारं बरंचसं तेच असतं, उष्ण कोरड्या हवेत चौदा दिवस ओलं ठेवा असं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. आपण तीन दिवस मारतो, चौथ्या दिवशी मुलं क्रिकेट खेळतात.

मामांनी यंदा मार्चमध्ये लादी फोडली, माती काढली, मुरूम भरला. पाणी मारायची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि भिंतीवर खडूनं चौदा रेघा ओढल्या. मी जाईपर्यंत नऊ झाल्या होत्या. घराच्या मागच्या अंगाला त्यांची मोटार वाइंडिंगची खोली आहे, दोन फूट उंच जोत्यावर, जुनी कोरडी फरशी, वर छत. दोन वर्षांपूर्वी पोर्च झाल्यावर उरलेला माल रंगाऱ्यानं तिथे संपवला होता. तांब्याच्या तारांचे तुकडे, वॉर्निशचे थेंब, लोखंडी स्टुलाचे पाय, सगळं त्यावर रोज पडतं, घासलं जातं. मी वाकून नखानं कड उचलायचा प्रयत्न केला. उचलेना.

"माल नकली होता ना?" मी विचारलं.

मामांनी नळी उचलली आणि दहाव्या रेघेचं पाणी मारायला बाहेर गेले.