घड्याळात दिसणारी शुगर खरी धरू नका

पैठण गेटपासून आठवडी बाजारापर्यंत आता हजार-दीड हजारात स्मार्टवॉच मिळतंय. पावलं मोजायला, कॉल बघायला ठीक आहे. पण काही घड्याळं शुगरही दाखवतात, घोळ तिथंच आहे.

घड्याळाच्या मागचा हिरवा लाईट कातडीखालचं रक्त कमी-जास्त होतं त्यावरून नाडीचे ठोके मोजतो. रक्तातली साखर त्याला कळत नाही. स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलंय.

असा आकडा बघून गोळी बंद केली किंवा इन्सुलिन वाढवलं, तर जिवावर बेतू शकतं. ३० वर्षांवरच्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बोटाला सुई टोचूनच खात्री करा.