इलेक्ट्रॉनिक बसवलं, तरी टायमिंग लावायचंच

जुन्या ट्रायम्फ बॉनव्हिलच्या उजव्या बाजूचं छोटं गोल झाकण काढलं, की आत पॉइंट्स दिसायला हवेत. आज पुष्कळ गाड्यांत ते नसतात. त्यांच्या जागी चुंबकं बसवलेला छोटा रोटर, त्याच्यासमोर दोन कॉइल असलेली गोल प्लेट आणि सीटखाली एक काळा डबा असतो. ब्रिटनमधल्या बॉयर ब्रॅन्सडेनचा संच हे याचं सगळ्यांत ओळखीचं उदाहरण. हा बदल खरोखर चांगला आहे. पॉइंट्सची टोकं जळणं, कॅमवर घासणारा फायबर झिजणं, गॅप बदलणं आणि गॅपबरोबर टायमिंगही सरकणं, या सगळ्या कटकटी एकदम मिटतात. मात्र त्यासोबत एक समजूतही गाडीत येऊन बसते: ‘इलेक्ट्रॉनिक आहे, आता टायमिंग लावायची भानगड नाही.’

टायमिंग लावावं लागतं, कारण डब्यातल्या सर्किटला पिस्टन दिसत नाही. रोटरवरचं चुंबक प्लेटवरच्या कॉइलसमोरून गेलं, एवढंच त्याला कळतं. रोटर कॅमशाफ्टच्या टोकावर बोल्टने घट्ट केलेला असतो आणि प्लेटला लांबट खाचा असतात. त्या खाचांमध्ये प्लेट कुठे थांबवायची हे माणसानेच ठरवायचं असतं. तिथे चूक झाली, तर सर्किट ती चूक प्रत्येक फेरीला न चुकता करत राहतं.

चूक केवढी होऊ शकते, हे पाहण्यासारखं आहे. 1963 नंतरच्या 650 सीसी ट्रायम्फमध्ये हा रोटर एक्झॉस्ट कॅमशाफ्टवर बसतो आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे प्लेट एक अंश सरकली, की इंजिनाचं टायमिंग दोन अंशांनी बदलतं. केंद्रापासून 30 मिलिमीटरवर प्लेट फक्त एक मिलिमीटर हलवली, तर क्रँकवर जवळजवळ चार अंशांचा फरक पडतो. स्क्रू आवळताना प्लेट तेवढी सहज सरकते. म्हणून स्क्रू पक्के केल्यावर पुन्हा तपासणं हा टायमिंग लावण्याचाच भाग आहे.

‘खूण जुळवली, गाडी चालू झाली, काम झालं,’ असंही पुष्कळ जण मानतात. पॉइंट्सच्या काळात इंजिन बंद असताना छोटा बल्ब जोडून पॉइंट्स उघडण्याचा नेमका क्षण पकडता यायचा. चुंबक आणि कॉइलच्या संचात ती सोय नाही, कारण चुंबक हलत असेल तरच कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. काही नव्या संचांत यासाठी एलईडी दिलेला असतो. इतरांत इंजिन पूर्ण ॲडव्हान्सच्या, म्हणजे ठिणगी सगळ्यांत आधी पडते त्या, जागी आणून प्लेटवरच्या छिद्रासमोर चुंबक आणायचं, एवढंच करता येतं. त्यावर गाडी चालू होईल. पण त्याला टायमिंग लावणं म्हणत नाहीत.

खरं काम इंजिन चालू असताना आणि स्ट्रोब लाइटने होतं. त्यामागचं कारण वेळेच्या हिशेबात आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायला वेळ घेतं, आणि जळणाऱ्या वायूंचा सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून उतरू लागल्यावर, सुमारे 15 अंशांवर, मिळाला तर त्या दाबाचं चांगलं काम होतं. म्हणून ठिणगी आधीच पडावी लागते. बॉनव्हिलमध्ये वेग वाढलेला असताना ती वरच्या टोकाआधी 38 अंशांवर पडायला हवी. 4000 आरपीएमला क्रँक हे 38 अंश दीड मिलिसेकंदापेक्षा जरा जास्त वेळात पार करतो. हजार आरपीएमला त्याला त्याच्या चौपट वेळ मिळतो, आणि तिथे 38 अंश दिले तर किक उलटी येऊन घोटा दुखावतो. पूर्वी ही आधी-नंतरची सोय स्प्रिंगा आणि वजनं असलेला ऑटो ॲडव्हान्स करायचा. इलेक्ट्रॉनिक संच बसवताना तो काढून टाकतात आणि ते काम सर्किटकडे जातं.

यातूनच आयडलिंगवर स्ट्रोब धरून खूण जुळवण्याची चूक होते. आयडलिंगला सर्किटने ॲडव्हान्स किती दिला आहे, हे प्रत्येक संचात वेगळं असतं. तिथे 38ची खूण जुळवली, तर वेग वाढल्यावर ठिणगी त्याहून कितीतरी आधी पडू लागेल. प्रायमरी कव्हरवरचं तपासणीचं झाकण काढायचं, अल्टरनेटरच्या रोटरवरच्या खुणेला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, स्ट्रोबला वेगळी बॅटरी जोडायची आणि थ्रॉटल हळूहळू उघडायचा. ठिपका झाकणाच्या आतल्या स्थिर काट्याकडे सरकत जातो आणि एका वेगानंतर थांबतो. तो जिथे थांबतो, तो पूर्ण ॲडव्हान्स. काही संचांत तो 4000ला थांबतो, काहींना 5000 लागतात. संचासोबतच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. ठिपका काट्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर प्लेट रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला किंचित फिरवायची. पुढे निघून गेला, तर फिरण्याच्या दिशेने. एअर-कूल्ड इंजिन उभ्या गाडीत एवढ्या वेगावर लगेच तापतं. समोर मोठा पंखा ठेवावा आणि एका वेळी काही सेकंदच पाहावं.

आता ती खूणच चुकीची असेल तर? हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि खरा घोटाळा बऱ्याचदा तिथेच असतो. कंपनीची खूण म्हणजे ब्रह्मवाक्य, असं गृहीत धरलं जातं. जुन्या लूकास अल्टरनेटरच्या रोटरमध्ये बाहेरचा चुंबकांचा भाग आतल्या पोलादी गाभ्यावर ओतलेला असतो. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी तो गाभ्यावर सैल होतो आणि त्यासोबत खूणही फिरते. हा सैल रोटर खडखडतो तो असा, की मेन बेअरिंग गेलं असं वाटून इंजिन उघडलं जातं. नॉर्टन कमांडोच्या प्रायमरी कव्हरमध्ये अंशांची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. तीही काही अंशांनी चुकलेली निघते.

म्हणून पहिल्यांदा टायमिंग लावताना डिग्री डिस्क घेऊन वरचं टोक स्वतः शोधावं. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ‘आता वर आला’ असं म्हणण्यात अर्थ नाही. 650 ट्रायम्फचा स्ट्रोक 82 मिलिमीटर असला, तरी वरच्या टोकापासून पाच अंश फिरेपर्यंत पिस्टन फक्त 0.2 मिलिमीटर खाली येतो. हाताला तो फरक जाणवत नाही. त्याऐवजी प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉप बसवायचा, क्रँक हळुवारपणे एका दिशेला टेकेपर्यंत फिरवून डिस्कवरचा आकडा लिहायचा, मग उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवून दुसरा. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे वरचं टोक. तिथून 38 अंश मोजून नवी खूण करून ठेवली, की पुढची कित्येक वर्षं तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

आकड्यांच्या बाबतीतही एक सवय घातक आहे: एका गाडीचा आकडा दुसरीला लावणं. बॉनव्हिल 38 अंश मागते, तर कमांडोच्या मॅन्युअलमध्ये 28 आहेत. दोन्ही त्याच काळातल्या ब्रिटिश ट्विन, तरीही दहा अंशांचा फरक. ज्वलनकक्षाचा आकार, पिस्टनचा माथा आणि प्लगची जागा यांवर ज्योत किती वेगाने पसरते ते ठरतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की राजदूत 350ची आठवण येते. एस्कॉर्ट्सने 1983पासून बनवलेली ही यामाहा आरडी 350ची भारतीय आवृत्ती. हिचं टायमिंग अंशांत न सांगता मिलिमीटरमध्ये सांगतात: वरच्या टोकाआधी 2.0 मिलिमीटर, म्हणजे साधारण 20 अंश. डायल गेज प्लगच्या भोकात बसवून दोन्ही सिलिंडर वेगवेगळे तपासायचे. या जागी 0.1 मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश, त्यामुळे गेजशिवाय अंदाज चालत नाही. मूळ गाडीत ऑटो ॲडव्हान्स नव्हताच. टायमिंग सगळ्या वेगांना एकच. पण आता हिच्यावर बसणारे काही इलेक्ट्रॉनिक संच वेगाप्रमाणे टायमिंग बदलतात. तिथे 2.0चा आकडा नेमका कोणत्या वेगाला लागू आहे, हे संचाच्या कागदावरून पाहावं लागतं.

‘थोडं ॲडव्हान्स केलं की गाडी पळते,’ ही समजूत टू-स्ट्रोकवाल्यांना सगळ्यांत महाग पडते. टायमिंग मागे पडलेलं असेल, तर पुढे घेतल्यावर गाडी नक्कीच सुधारते. समजुतीचा उगम बहुधा तिथेच आहे. योग्य बिंदूच्या पुढे गेल्यावर मात्र दाब पिस्टन अजून वर येत असतानाच वाढतो, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनचा माथा तापत जातो. आरडीच्या आवाजात ते नॉकिंग ऐकूही येत नाही. कळतं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं असतं.

शेवटचा गोंधळ विजेचा. टायमिंग बरोबर लावूनही गाडी मिसफायर करते, आणि दोष ‘सीडीआय’वर जातो. आरएक्स 100सारख्या गाडीतलं सीडीआय मॅग्नेटोवर चालतं, त्याला बॅटरी लागत नाही. ट्रायम्फवर बसवलेला संच वेगळ्या जातीचा आणि बॅटरीवर अवलंबून आहे. व्होल्टेज घसरलं, की काही जुन्या ॲनालॉग संचांचं टायमिंग भरकटतं आणि स्ट्रोबखाली ठिपका एका जागी न थांबता नाचतो. दुसरी गफलत इग्निशन कॉइलची. पॉइंट्सवर 12 व्होल्टच्या दोन स्वतंत्र कॉइल होत्या, तर बॉयरसारख्या संचात दोन्ही एकापुढे एक जोडतात, म्हणून त्या 6 व्होल्टच्या लागतात. जुन्याच ठेवल्या तर प्रत्येकीला निम्मंच व्होल्टेज मिळून ठिणगी अशक्त होते. आणि ठिपका तरीही नाचत असेल, तर प्लेटमधून बाहेर येणाऱ्या दोन वायरी इंजिन चालू असताना हलक्या हाताने हलवून पाहाव्यात. प्लेटला जोडलेल्या टोकाशी त्या कंपनांनी आतून तुटतात, आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.