विश्लेषण : पोकर ट्रॅकर खेळाडूला काय सांगतो, काय नाही?

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतील एका चित्रफितीमुळे ऑनलाइन पत्त्यांच्या चर्चेत नाशिक जिल्ह्याचे नाव आले. सिन्नरचे आमदार आणि तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप विरोधकांनी केला. कोकाटे यांनी तो फेटाळला. ३१ जुलैला त्यांचे कृषी खाते बदलून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. पुढे तीन आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. रमीबरोबर पोकरची टेबलेही बंद झाली. ‘खेळ कौशल्याचा आहे, मी केवळ नशिबाने हरलो,’ असे सांगणारे मात्र आजही भेटतात. हा दावा तपासण्याचे एक साधन आहे : पोकर ट्रॅकर.

ट्रॅकर म्हणजे नेमके काय?

ऑनलाइन पोकरमधील प्रत्येक डावाची नोंद होते. कोण कुठे बसले, कोणती पाने आली, कोणी किती लावले, कोणी पाने टाकली आणि पैसे कोणाला गेले, हे सगळे त्यात असते. या नोंदीला ‘हँड हिस्टरी’ म्हणतात. साइटने ही फाइल खेळाडूला दिली, तर ‘पोकरट्रॅकर’ किंवा ‘होल्डम मॅनेजर’सारखे सॉफ्टवेअर ती वाचून हजारो डावांचा ताळेबंद मांडते. थोडक्यात, ही हिशेबाची वही आहे. फरक इतकाच, की ती खेळाडू स्वतः लिहीत नाही. त्यामुळे जिंकलेली रात्र लक्षात ठेवून हरलेल्या चार रात्री विसरण्याची सोय तिच्यात नाही.

कोणते आकडे आधी पाहायचे?

पहिला आकडा ‘व्हीपीआयपी’. सक्ती नसताना, मधली पाने उघडण्याआधी, खेळाडूने किती टक्के डावांत स्वतःहून पैसे घातले, हे तो सांगतो. दुसरा ‘पीएफआर’, म्हणजे त्याच टप्प्यावर किती टक्के डावांत रक्कम वाढवली. सहा जणांच्या टेबलावर सरावलेल्या खेळाडूंचा पहिला आकडा साधारणपणे २० ते २८च्या दरम्यान असतो आणि दुसरा त्याच्या थोडाच खाली. पहिला ४५ आणि दुसरा ८ असेल, तर खेळाडू जवळपास प्रत्येक दुसऱ्या डावात शिरतो आणि बहुतेक वेळा नुसता दुसऱ्याच्या मागे पैसे भरतो, असा त्याचा अर्थ. तीन पत्तीच्या सवयीने पोकरकडे आलेल्यांची ही नेहमीची चूक.

बसण्याची जागाही महत्त्वाची. ‘बटन’वर बसलेल्याला सर्वांत शेवटी निर्णय घेता येतो, म्हणून बहुतेकांची कमाई तिथे होते. ‘बिग ब्लाइंड’ला पाने पाहण्याआधीच सक्तीची रक्कम भरावी लागते, म्हणून चांगले खेळाडूही तिथे तोट्यात असतात. प्रश्न एवढाच, की तोटा किती? तिथला प्रत्येक डाव सोडून दिला, तर १०० डावांमागे १०० बिग ब्लाइंड जातात. खेळूनही तोटा त्याहून जास्त असेल, तर न खेळणे परवडले असते.

चुकांची उजळणी कशी करतात?

बहुतेक जण सर्वांत मोठा हरलेला डाव उघडून बसतात. नेमके तेच टाळायचे असते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध पाचपैकी साधारण चार वेळा जिंकते. पाचव्या वेळी सगळे पैसे गेले, तरी निर्णय बरोबरच होता. याउलट, वाईट निर्णय घेऊन जिंकलेला डाव कोणी तपासत नाही. म्हणून एकाच प्रकारचे डाव गाळणी लावून एकत्र काढतात. उदाहरणार्थ, बिग ब्लाइंडवरून केवळ बरोबरी करून खेळलेले सगळे डाव. त्यांत तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली, तर ती दुरुस्त करायची. खेळाडूंच्या भाषेत हा ‘लीक’, म्हणजे पैसे झिरपण्याची जागा.

ट्रॅकरच्या आलेखावर ‘ऑल-इन ईव्ही’ नावाची एक रेषाही असते. सगळे पैसे लागल्यानंतर नशिबाने किती दिले वा नेले, ते ती वेगळे काढते. मात्र चांगली पाने मुळात कोणाला आली, हे नशीब तिच्यात मोजले जात नाही.

किती डावांनंतर आकड्यांवर विश्वास ठेवावा?

लासलगावच्या बाजारात एका ट्रॉलीला चांगला भाव मिळाला, म्हणून कांद्याचा हंगाम नफ्यात गेला असे कोणी शेतकरी म्हणत नाही. पोकरचे तसेच आहे. समजा, एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे आणि १०० डावांमागे सरासरी ३ बिग ब्लाइंड जिंकतो. याच १०० डावांतला चढउतार सुमारे ९० बिग ब्लाइंड धरला, तर १० हजार डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता ३७ टक्के राहते. १ लाख डावांनंतरही ती १५ टक्क्यांच्या आसपास असते. एका टेबलावर तासाला ७० डाव धरले, तर १० हजार डावांना १४० तासांहून जास्त वेळ लागतो. तेव्हा महिनाभराच्या नफ्यावर ‘मला खेळ जमला’ म्हणणे आणि महिनाभराच्या तोट्यावर ‘नशीब वाईट’ म्हणणे, दोन्ही सारखेच कच्चे.

आलेखावरचा नफा खिशात येतो का?

नाही. साइट प्रत्येक मोठ्या डावातून आपला वाटा कापते. त्याला ‘रेक’ म्हणतात. सारख्याच ताकदीचे दोघे वर्षभर एकमेकांशी खेळले, तर रेकमुळे दोघेही हरतात. ट्रॅकर हा वाटा दाखवतो. कर मात्र दाखवत नाही. १ ऑक्टोबर २०२३पासून खेळासाठी जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. एप्रिल २०२३पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आला. तोटा मात्र पगारातून किंवा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. अशा गणितात १०० डावांमागे ३ बिग ब्लाइंडची आघाडी सहज बुडते.

नोंदींचा आणखी काही उपयोग झाला आहे?

झाला आहे. २००७ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ या परदेशी साइटवर एक खाते अशक्य वाटावे इतक्या अचूकतेने खेळत होते. एका खेळाडूने स्पर्धेच्या डावांची नोंद मागितली, तेव्हा त्याला आलेल्या फाइलमध्ये सगळ्यांची झाकलेली पाने दिसत होती. इतर खेळाडूंनी ती तपासली आणि ते खाते समोरच्यांची पाने पाहून खेळत असल्याचे उघड झाले. ट्रॅकरचा वाद मात्र वेगळ्या कारणाने होतो. खेळ चालू असतानाच प्रतिस्पर्ध्यांचे आकडे पडद्यावर दाखवणाऱ्या ‘हड’मुळे नवख्यांचे नुकसान होते, असा आक्षेप आहे. ‘पार्टीपोकर’ने २०१९ मध्ये अशा साधनांवर बंदी घातली.

मग आता भारतात याचा अर्थ काय?

नव्या कायद्यात कौशल्य की नशीब हा भेद राहिलेला नाही. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याविरोधातील उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. ‘तुमचा ट्रॅकर इथे चालेल’ असे सांगून बोलावणाऱ्या परदेशी साइटवर पैसे अडकले, तर दाद मागायला जागा उरत नाही. फुकट चिप्सवर सराव करता येतो, पण तिथे कोणीही काहीही लावत असल्याने त्या आकड्यांवरून कौशल्य ठरत नाही.

जुन्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एक काम आजही करता येईल. फाइल उघडून रेक आणि कर वजा केलेली शेवटची एकच रक्कम पाहायची आणि ती घरातल्या माणसाला दाखवायची. मोठ्या संख्येच्या डावांवर ती उणे असेल आणि खेळायला उसने पैसे घेतले असतील, तर पुढचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे.