फोटोबाहेर राहिलेली माणसं
बर्लिनच्या आग्नेय भागात, श्प्रे नदीकाठच्या झाडीत, श्प्रेपार्क नावाचं मनोरंजन उद्यान आहे. २००१ साली ते बंद पडलं आणि त्यानंतर जगभर गाजलं. गवतात आडवे झालेले डायनोसॉर, रोलर कोस्टरच्या बोगद्यापाशी आ वासलेलं रंगीत मांजर, झाडझाडोऱ्यात अडकलेल्या हंसाच्या होड्या. यातला एखादा फोटो तुमच्याही पाहण्यात आला असेल. कुंपण ओलांडून फोटोग्राफर आत शिरत, रखवालदार त्यांना हुसकावत. वारा सुटला की ४५ मीटर उंचीचा आकाशपाळणा करकरत आपोआप फिरू लागे.

हे फोटो सुंदर आहेत, पण मला ते अर्धेच वाटतात. गंज दिसतो, वेली दिसतात. तिथे बसलेलं, राबलेलं माणूस दिसत नाही.

हे उद्यान ४ ऑक्टोबर १९६९ रोजी, पूर्व जर्मनीच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर सुरू झालं. तेव्हा नाव होतं ‘कुल्टुरपार्क’. त्या देशातलं अशा प्रकारचं हे एकमेव कायमस्वरूपी उद्यान. ऐन भरात वर्षाला १७ लाख माणसं यायची. १९८९ मध्ये, राष्ट्राच्या चाळिशीनिमित्त, ४० पाळण्यांचं नवं चक्र उभं राहिलं. त्याच नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि वर्षभरात तो देशच नकाशावरून गेला. त्या पाळण्यात बसलेल्या मुलांचं नुसतं बालपण सरलं नाही, ज्या देशात ते गेलं तो देशही सरला. गंजलेल्या लोखंडाच्या फोटोत हे कुठून उतरणार?

पुढची कहाणी तर सिनेमात शोभेल अशी. १९९१ मध्ये नॉर्बर्ट विट्टे यांनी उद्यान चालवायला घेतलं. भोवती संरक्षित वनराई असल्याने गाड्या लावायला पुरेशी जागा मिळेना, कर्ज वाढलं, प्रेक्षक आटले. २००२ च्या जानेवारीत सहा राइड्स घेऊन ते पेरूची राजधानी लिमा इथे गेले. तिथेही धंदा बुडाला. २००३ मध्ये ‘उडता गालिचा’ या राइडच्या खांबात दडवलेलं १६७ किलो कोकेन पकडलं गेलं; विट्टे यांना जर्मनीत तुरुंगवास झाला, त्यांच्या मुलाला पेरूत. या कुटुंबावर २००९ मध्ये माहितीपटही आला. त्यांच्या शोकांतिकेला माझी सहानुभूती आहे. पण तिकीट फाडणारे, रुळांना तेल घालणारे या कथेतही बाहेरच राहिले.

चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात शहराचं उदाहरण याहून बोचरं. तिथल्या उद्यानाचं उद्घाटन १ मे १९८६ ला ठरलं होतं. २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, दुसऱ्या दिवशी जवळपास ४९ हजारांचं शहर रिकामं करण्यात आलं. ठरलेला सोहळा झालाच नाही. तिथल्या पिवळ्या आकाशपाळण्याचे फोटो आज असंख्य आहेत. शहरातल्या बाहुल्या आणि गॅस मास्क तर कित्येकदा नंतर आलेल्यांनीच मांडून ठेवलेले असतात. दुसऱ्यांच्या हरवलेल्या घरात अशी मांडामांड करणं मला अक्षम्य वाटतं.

बर्लिनने बरा मार्ग धरला. २०१४ मध्ये शहराने श्प्रेपार्क पुन्हा ताब्यात घेतला आणि २०२१ मध्ये आकाशपाळणा दुरुस्तीसाठी, परत उभारण्याच्या इराद्याने, उतरवला.

आपल्याकडे? ज्या १९८९ मध्ये बर्लिनचं नवं चक्र फिरू लागलं, त्याच वर्षी गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. खाडी ओलांडून जाणाऱ्या शाळेच्या सहली मुंबई-ठाण्याच्या कित्येक घरांच्या आठवणीत आहेत. २०२२ मध्ये तेही बंद झालं. बंद फाटकापलीकडचे फोटो काढणारे पुष्कळ भेटतील, पण चालू राइडवरचे फोटो तुमच्याच कपाटात आहेत. ते बाहेर काढा. मऊ पेन्सिलीने मागे वर्ष, नावं आणि राइडचं नाव लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. तिथे नोकरी केलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना दिवसभराचं काम कसं चालायचं ते विचारा आणि लिहून ठेवा. या दिवाळीच्या सुट्टीतच हे करा.