आटपाट नगराला मालक हवाय कुणाला?

मराठी ऐतिहासिक कादंबरीला राजांची ददात कधी पडली नाही. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) हरिभाऊ, नाथमाधव, हडप करत ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’पर्यंतचा रस्ता वाचकांच्या पायाखालचा आहे, तो पुन्हा तुडवत नाही. मधल्या पगडी-तलवारींच्या भाऊगर्दीबद्दल न बोललेलंच बरं. माझं दुखणं वेगळं आहे. गोष्ट सांगणारं माणूस या कादंबरीच्या तावडीत सापडलं की त्याचं काय होतं, यावर मी दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं कुरकुरत आलोय.

यंदा निमित्त परदेशी आहे. केट फोर्सिथ या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द वाइल्ड गर्ल’ (२०१३) मी उशिरा आणि फार आशेने वाचली. विषयच तसा. कासेल गावातले ग्रिम बंधू, शेजारच्या औषधविक्याची मुलगी डॉर्टशेन विल्ड, वर नेपोलियनच्या भावाचा अंमल. डॉर्टशेनने सांगितलेल्या गोष्टी १८१२च्या संग्रहात आल्या आणि १८२५ साली ती विल्हेल्म ग्रिमची बायको झाली. कोणती गोष्ट कुणाकडून मिळाली, हे विल्हेल्मने स्वतःच्या प्रतीच्या समासात टिपून ठेवलंय. ऐतिहासिक कादंबरीकाराला आणखी काय हवं?

काळ बाईंनी चांगला उभा केलाय, याबद्दल तक्रार नाही. पण डॉर्टशेनच्या गोष्टींत एक आहे, बाप लग्नाला मागे लागला म्हणून कातड्यांचं पांघरूण घेऊन पळालेल्या राजकन्येची. तेवढ्या धाग्यावर डॉर्टशेनच्या बापाला नराधम करून टाकलंय. कादंबरीकाराला मोकळीक असते, मान्य. पण याच घाटाची गोष्ट पेरोने फ्रेंचमध्ये १६९४ सालीच छापली होती. मग ती सांगणाऱ्या समस्त बायकांच्या बापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? गोष्ट तिला मिळाली, तिने ती पुढे दिली, एवढं या कादंबरीला पुरत नाही. गोष्टीला मालक लागतो आणि मालकाला जखम लागते. आमच्याकडचे काही मानसशास्त्रवाले समीक्षक याला ‘स्त्रीचा आवाज सापडणं’ म्हणतात. मला तर तो हिसकावून घेतल्यासारखा वाटतो.

अशीच एक डॉर्टशेन आमच्या दारावरूनही गेली आहे. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातल्या रेल्वेचं उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झालं. खंडाळा-लोणावळ्याचं नशीब त्या रुळांनी पालटलं, ते सर्वांना पाठ आहे. फ्रिअरसाहेबांच्या मुलीच्या, मेरीच्या, वहीचं मात्र कुणाला काही पडलेलं नसतं. १८६५-६६च्या हिवाळ्यात साहेब दख्खनच्या दौऱ्यावर होते. छावणीत मेरीखेरीज बाईमाणूस म्हणजे तिची आया, ॲना लिबेराता डिसोझा. वेळ जाईना म्हणून मेरीने गोष्टी सांगायला लावल्या, उतरवून घेतल्या, बरोबर उतरल्या ना म्हणून तिलाच वाचून दाखवल्या. त्यांचं पुस्तक ‘ओल्ड डेक्कन डेज’, १८६८चं.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनाची स्वतःची हकीकत आहे, आणि माझा जीव तिच्यात अडकलाय. आजोबा लिंगायत घराण्यातले, गोव्याजवळ ख्रिस्ती झालेले. आई-बाप कामात, नातवंडं आजीजवळ. गोष्टी त्या आजीच्या. पुढे वैधव्य, साहेबलोकांकडची चाकरी आणि पुण्याच्या नदीत बुडालेला मुलगा. ही बाई स्वतःचं दुःख सरळ सांगते आणि गोष्टी आजीच्या म्हणून सांगते. दोन्हींची गल्लत ती करत नाही. साक्षर कादंबरीकारांना हे का जमू नये?

आमच्या तळेगावच्या गोनीदांना, म्हणजे कादंबरीकार गो. नी. दांडेकरांना, ते जमलं होतं. तुंगाखालचा धोंडी काय, राजमाचीचा बुधा काय, त्यांच्या मनात शिरायला गोनीदांना कुठला गौप्यस्फोट लागला नाही. शिवाय वीणा देव, विजय देव यांच्यासह अभिवाचन करून त्यांनी कादंबरी पुन्हा कानांपर्यंत नेली. त्या मैफलींना ‘नाटकी’ म्हणणारे विद्वान मी पाहिलेत. त्यांची पुस्तकं आता त्यांनाही आठवत नसावीत. शेजारच्या मुळशीत हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तो संग्रह लाखावर गेला. ओवी कुणाची, तर जी गाते तिची, आणि तिच्या आधी तिच्या आईची. सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव मात्र त्यांनी आवर्जून नोंदवलं. नाव राखणं आणि मालकी लादणं यांत फरक असतो.

आता मावळात जाती उरली आहेत ती फार्महाऊसच्या अंगणात, वर तुळस लावून. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. परवा एका कट्ट्यावर विचारलं, ॲना डिसोझा कोण, तर चिक्कीचं नवं दुकान का, असा उलट सवाल आला.

ॲनावर मराठीत कादंबरी येईलही. हल्ली आयांना बरे दिवस आहेत. तिचा साचा मला आत्ताच दिसतोय. एक उमदा इंग्रज कप्तान, चोरट्या भेटी, आणि गोष्टीतला प्रत्येक राजपुत्र म्हणजे तो बुडालेला मुलगा. आजीला दीड पान. मुखपृष्ठावर खंडाळ्याचं धुकं घातलं की पहिली आवृत्ती महिन्यात संपेल, आणि परीक्षण लिहायला संपादक मलाच फोन करतील.