गोल्फ फक्त पैसेवाल्यांचा? चेंबूरच्या गल्लीत सळईने रंगतो डाव. रिकाम्या बांधीतही जमेल

भंडारा : गोल्फ म्हटलं की हिरवंगार मैदान आणि मोठी माणसं डोळ्यासमोर येतात. ते खोटं नाही. 18 होलच्या मैदानाला साधारण शंभर ते दोनशे एकर जमीन आणि भरपूर पाणी लागतं. पण महाग आहे ते मैदान. खेळ साधाच आहे.

खेळ कसा असतो?
जमिनीवर ठेवलेला चेंडू काठीने मारत दूरच्या खड्ड्यात घालायचा. ज्याला कमी फटके लागतील तो जिंकला. खड्डा 108 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच रुंद असतो. विटीदांडू खेळलेल्याला नजर आणि मनगटाचं हे काम नवीन नाही. धावपळ नसल्याने आजोबा आणि नातूही सोबत खेळू शकतात. कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते, तिला 'हँडिकॅप' म्हणतात.

गरिबांनी खेळला का?
मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याला कॅडी म्हणतात. जवळच्या वस्तीतल्या कॅडी पोरांनी बांधकामाच्या सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीतच डाव मांडला. दिल्लीत कॅडीचं काम केलेल्या अली शेर यांनी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली.

स्कॉटलंडमध्येही हा खेळ समुद्रकाठच्या चराऊ जमिनीवर वाढला. तिथलं सेंट अँड्र्यूजचं जगप्रसिद्ध जुनं मैदान आजही सार्वजनिक आहे. रविवारी खेळ बंद ठेवून ते लोकांना फिरायला मोकळं असतं.

गावात कसं खेळायचं?
खरिपाचा धान निघाल्यावर लाखोरी किंवा हरभरा टाकलेला नसेल अशी बांधी बघावी. मालकाला आधी विचारावं. तीस-चाळीस पावलांवर एक असे चार-पाच खड्डे करून त्यात रिकामे डबे पुरावेत. धुरे हे आपोआप अडथळे होतात. वाकवलेल्या सळईचं टोक घासून बोथट करावं आणि मुठीला रबरी नळीचा तुकडा चढवावा.

ही काळजी घ्याच
• चेंडू प्लास्टिकचा किंवा स्पंजचा हलकाच घ्यावा. खरा गोल्फचा चेंडू सुमारे 46 ग्रॅमचा आणि टणक असतो. डोक्याला लागला तर जिवावर बेतू शकतं.
• एक जण मारताना बाकीच्यांनी मागे, सळई पोहोचणार नाही इतकं लांब थांबावं.
• खेळ संपला की डबे काढून खड्डे बुजवावेत. नाहीतर गुराचा पाय अडकून मोडेल.

बांधीत खेळून कोणी लगेच स्पर्धेत उतरणार नाही, त्यासाठी खऱ्या मैदानावरचा सराव लागतोच. पण संध्याकाळी चार जण जमले तर विरंगुळ्यासाठी क्लबची फी भरायची गरज नाही.